पिकअपमधील आवाज : वॅटचा भ्रम आणि कानाचा हिशेब

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्पीकरवर लेख लिहावा, हे काहींना विपरीत वाटेल. भाषाशास्त्राच्या तासाला स्वर-व्यंजने शिकणाऱ्याचा आणि गाडीच्या तारांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. माझ्याही मनात तो अनेकदा आला. परंतु या प्रश्नाचे उत्तर मला गाडीच्या दुकानात मिळाले नाही, ते व्यंजनांच्या वर्गीकरणात मिळाले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माझा थोरला भाऊ पिकअप चालवतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून माल भरायचा, ओतूरवरून माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड, कल्याण करीत पहाटेपर्यंत वाशी गाठायची, असा त्याचा क्रम. शेजारी कधी क्लीनर असतो, कधी नसतो. अशा वेळी सोबत आवाजाचीच. दादाला कीर्तने ऐकायला आवडतात, प्रल्हाद शिंदे यांची गाणी आवडतात, हल्ली मोबाइलवरून कादंबऱ्यांचे वाचनही तो ऐकतो. गाडीबरोबर कंपनीने बसवून दिलेला रेडिओ आणि दारांतले दोन स्पीकर एवढेच त्याचे साधन होते. त्याची तक्रार एकच असे : "आवाज भरपूर आहे रे, पण शब्द कळत नाहीत."

यावर त्याने जो उपाय केला तो बहुतेक जण करतात तोच. एक हजार वॅट असे ठळक छापलेला ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे वुफर असलेली पेटी त्याने बसवून घेतली. पहिल्या दिवशी केबिनचा पत्रा थरथरला, काचा हादरल्या, आम्ही सर्व जण खूश झालो. पण चार दिवसांनी तो म्हणाला, "आता तर बुवा काय बोलतात तेही समजत नाही." आणि महिन्याभराने याहून वाईट घडले. माळशेजच्या वळणांआधी डॅशबोर्डाखालून जळका वास आला, मागोमाग धूर. दादाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले आणि मग तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. मागे हौद्यात टोमॅटोचे क्रेट होते आणि पायाखाली डिझेलची टाकी. त्याला काही इजा झाली नाही, हे आमचे नशीब.

सकाळी तपासले तेव्हा कारण सापडले. ॲम्प्लिफायरची तार थेट बॅटरीपासून आणली होती, तिला फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली होती, पण भोकात रबरी बूच बसवले नव्हते. महिनाभर हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेचे वेष्टन कापीत राहिली आणि शेवटी तांबे पत्र्याला टेकले. ज्याने हे काम केले त्यालाच सर्व दोष देऊन चालणार नाही. वॅट किती, एवढेच आम्ही विचारले होते. फ्यूज कुठे आहे, हे विचारायला हवे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पुढे दुसऱ्यांदा काम करण्यापूर्वी मी या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला. त्याचे सार असे.

कंपनीचा संच असा का असतो?

मोटारीत आवाज आणण्याची धडपड जुनी आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे तेच त्या कंपनीचे नाव झाले. स्पीकरची कल्पना त्याहून थोडी आधीची. १९२५ मध्ये चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू, अशी रचना मांडली. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज होतो. सुमारे शंभर वर्षांनंतरही पिकअपच्या दारातल्या स्पीकरचे तत्त्व तेच आहे.

मग कंपनीचा संच कमी का पडतो? यात लबाडी नाही. पिकअप घेणारा गिऱ्हाईक किती टन माल बसतो, ॲव्हरेज काय, हप्ता किती, हे पाहतो. आवाज त्याच्या यादीत अखेरीस असतो. म्हणून स्पीकरचा शंकू पातळ, चुंबक लहान आणि ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओच्या पोटातली एक चिप, एवढ्यावर भागवलेले असते. आमच्या दाराचे पॅड काढले तेव्हा आत पत्र्याला हात जातील एवढी मोठी भोके होती आणि त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला होता. तारा आणि काचेची यंत्रणा बसवण्यासाठी ती भोके लागतात. आवाजाला मात्र ती मारक ठरतात. ते पुढे येईल.

केबिन हेच सभागृह

गाणे जेथे ऐकायचे ती जागा आधी समजून घेतली पाहिजे. पिकअपची केबिन म्हणजे पत्रा आणि काच यांची लहानशी खोली, आणि तिच्या पुढ्यात इंजिन. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे आणि ८० स्फोट होतात, म्हणजेच ८० हर्ट्झची घरघर. १८०० फेऱ्यांना ती ६० हर्ट्झवर येते. ढोलाचा आणि बेस गिटारचा घुमारा नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणजे संगीताच्या खर्जाच्या जागेवर इंजिन आधीच ठाण मांडून बसलेले असते. त्यात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मिसळतो.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की मानवी कान सर्व स्वरांना सारखा दाद देत नाही. हळू आवाजात त्याला खर्जाचे सूर विशेष कमी ऐकू येतात. म्हणून रेडिओ हळू लावला की गाणे पोकळ वाटते आणि आपला हात आपोआप बटणाकडे जातो.

तिसरी गोष्ट माझ्या अभ्यासक्रमातली. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ इत्यादी, कंठातील कंपनांवर उभे असतात. त्यांत जोर असतो आणि त्यांची ऊर्जा मुख्यतः खालच्या व मधल्या पट्ट्यात असते. परंतु स, श, च, त यांसारखी व्यंजने हवेच्या घर्षणाने किंवा स्फोटाने निर्माण होतात. ती क्षीण असतात आणि त्यांतली बरीचशी ऊर्जा उंच पट्ट्यात, 'स'सारख्या वर्णाची तर ४००० हर्ट्झच्याही वर असते. शब्द ओळखण्याचे काम मात्र याच दुबळ्या व्यंजनांवर फार अवलंबून असते. जुन्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, त्यामुळे "साठ की आठ?" असे पुन्हा पुन्हा विचारावे लागे. 'स' तारेत शिरतच नसे.

दादाच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे. कंपनीच्या स्पीकरला उंच सुरांसाठी वेगळा भाग नव्हता आणि तो गुडघ्याकडे तोंड करून बसला होता. उंच सूर सरळ रेषेत जातात. ते दादाच्या मांडीवर आदळत, कानापर्यंत पोहोचत नसत. त्याला स्वर ऐकू येत, व्यंजने येत नसत. त्यावर आम्ही उपाय काय केला? वुफर वाढवले! खर्जाचा मोठा आवाज वरच्या क्षीण सुरांना झाकून टाकतो, हे ध्वनिशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. बुवांचे शब्द अधिकच हरवले यात नवल ते काय?

वॅटचे गणित

आता त्या हजार वॅटकडे वळू. गाडीच्या रेडिओवर '४ × ५०' असे छापलेले बहुतेकांनी पाहिले असेल. हा आकडा कोठून येतो? इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. स्पीकरचा रोध ४ ओहम. व्होल्टच्या वर्गाला रोधाने भागले की वॅट मिळतात. १४.४ चा वर्ग २०७.३६, भागिले ४, म्हणजे ५१.८४. झाले पन्नास वॅट! पण हे तेव्हाच खरे, जेव्हा रेडिओ सर्वच्या सर्व व्होल्ट सतत स्पीकरवर टाकील, म्हणजे गाण्याची लाट कापून चौकोनी करील. तसा आवाज ऐकवत नाही. स्वच्छ, गोलाईदार लाटेसाठी हा आकडा निम्मा होतो, सुमारे २६. त्यातून चिपमधील घट वजा जाता हाती १८ ते २० वॅट राहतात. साध्या रेडिओतून सहसा याहून अधिक मिळत नाही, कारण बॅटरीच तेवढी आहे.

ॲम्प्लिफायर व्होल्ट आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून तो जास्त वॅट देऊ शकतो. पण त्यालाही बॅटरीतूनच घ्यावे लागते. आमच्या 'हजार वॅट'च्या पाठीमागे पाहिले, तेथे २० अँपियरचा फ्यूज होता. २० अँपियर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट. आत सतत २८० वॅट जात असतील तर बाहेर सतत हजार कसे येतील? खोक्यावरचा आकडा काहीही सांगो, फ्यूजचा आकडा खरे सांगतो. खरेदी करताना 'आरएमएस' या नावाने दिलेला आकडाच पाहावा. सतत, स्वच्छ मिळणारी शक्ती ती.

वॅट आणि आवाज यांचे नातेही सरळ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा तर १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट, स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' असा एक आकडा असतो, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो. ८७ ऐवजी ९० चा स्पीकर घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तोच आवाज मिळतो. हा आकडा दुकानात क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

स्पीकर आणि दार

यावरून ठरते की सुधारणेची सुरुवात दारापासून करावी. आम्ही साडेसहा इंची शंकू आणि त्यापासून वेगळा लहान ट्वीटर, असा जोड घेतला. ट्वीटर डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात, काचेजवळ, तोंड कानाकडे करून बसवला. व्यंजनांना आता सरळ वाट मिळाली. ज्यांना हा खर्च नको त्यांनी शंकूच्या मध्यावरच ट्वीटर असलेला 'कोअॅक्सियल' स्पीकर घ्यावा. तो कंपनीच्याच जागी बसतो, आणि निदान उंच सूर निर्माण तरी होतात.

स्पीकर जितका महत्त्वाचा तितकेच दार. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराला भोके असतील तर मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. खर्जाची लाट लांब असते, म्हणून हे नुकसान खर्जाचेच होते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर ५० हर्ट्झची लाट ६.८ मीटर लांब होते, आपल्या केबिनच्या कितीतरी पट. एवढ्या लाटेला दोन वीत भोक सहज चुकवता येते. त्यासाठी दाराच्या आतल्या पत्र्याची भोके बंद करावी आणि बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले तक्ते चिकटवावे. पत्रा जड झाला की त्याची थरथर मंदावते. आमच्या गाडीत एवढ्यानेच जो फरक पडला तो हजार वॅटने पडला नव्हता.

येथे आपल्या हवामानाचा इशारा द्यावासा वाटतो. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत उतरते, ते तसे उतरणारच. दाराच्या तळाशी त्यासाठी लहान निचरा-भोके ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात ती बुजवली तर दार आतून सडते. स्पीकरखालची चकतीही साध्या दाबीव लाकडाची नको, पाण्याने ती फुगते. प्लॅस्टिकची घ्यावी.

दोन्ही दारांचे स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाच्या तारा उलट लागल्या तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज नाहीसा होतो. पुष्कळ गाड्यांतला 'बेस नाही' हा रोग एवढ्यावरच असतो. परीक्षा सोपी आहे. जोडणी सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर वुफरच्या तारांना लावावा. सेलचे धन टोक ज्या तारेला लावले असता शंकू बाहेर येतो ती तार धन. ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नये.

तार, फ्यूज आणि अर्थिंग

आता ज्या चुकीने दादाला रस्त्यावर बसवले तिच्याकडे येऊ. चार मार्गांवर ५० वॅट देणारा, म्हणजे एकूण २०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला असे समजा. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली तर तो बॅटरीकडून सुमारे ३३० वॅट मागेल, म्हणजे २४ अँपियर. 'क्लास डी' म्हणतात त्या प्रकारात उष्णता कमी जाते, तेथे १८ अँपियर पुरतील. पाच मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०३४ ओहम होतो. तीतून २४ अँपियर जाताना ०.८ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि तार गरम होते. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.२ व्होल्टवर येते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार मिळते. तिचा रोध बराच जास्त, म्हणून ती घेतलीच तर एक माप जाड घ्यावी.

फ्यूज मात्र जाडीवर सोडून देता येत नाही. गाडीची बॅटरी तार पत्र्याला टेकल्यास क्षणार्धात शेकडो अँपियर देते आणि तार निखाऱ्यासारखी लाल होते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा. ॲम्प्लिफायरच्या अंगावर जो फ्यूज असतो तो ॲम्प्लिफायरला वाचवतो, तारेला नव्हे. तारेचा रखवालदार बॅटरीपाशीच हवा, कारण त्याच्या अलीकडचा तुकडा बेवारस राहतो. तारेला पेलेल एवढ्याच आकड्याचा फ्यूज घालावा. जळला म्हणून जाड फ्यूज किंवा तांब्याचा तुकडा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे होय. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बूच, तारेवर नळी, आणि पेडल व स्टिअरिंगच्या हालचालीपासून तार लांब, हे त्याच्या जोडीला आलेच.

पिकअपचे एक वैशिष्ट्य अर्थिंगच्या वेळी आठवावे लागते. तिची केबिन चासीवर रबरी गुटक्यांवर बसवलेली असते. रबरातून वीज जात नाही, ती एका अर्थ-पट्टीतून परत जाते. ही पट्टी गंजलेली असेल तर सगळा संच लंगडतो. आम्ही ती साफ करून तिच्या जोडीला दुसरी जाड पट्टी घातली. ॲम्प्लिफायरची अर्थ-तार केबिनच्या पत्र्याला जोडताना रंग खरवडून, धातू चकचकीत करून बोल्टने आवळली. ऑल्टरनेटरची शीळ इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून चढू लागली तर बहुधा दोष अर्थिंगचा असतो, किंवा गाण्याची तार आणि बॅटरीची तार शेजारी शेजारी नेल्याचा. एक डावीकडून न्यावी, दुसरी उजवीकडून.

तसेच कंपनीच्या तारांचा गुच्छ कापू नये. त्यात बसणारे जोड-कप्लर बाजारात मिळतात. गुच्छ कापल्यास हमीचा वाद ओढवतो, आणि पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना तर हातच लावू नये. कंपनीच्या रेडिओला ॲम्प्लिफायरसाठी वेगळी जोडणी नसली तरी रेडिओ बदलावा लागतोच असे नाही. स्पीकरच्याच तारांवरून गाणे उचलणारे ॲम्प्लिफायर मिळतात. आमचा रेडिओ जुनाच राहिला.

गेन, गाळणी आणि सीटमागचा वुफर

ॲम्प्लिफायरवर 'गेन' नावाचा स्क्रू असतो. पुष्कळांना तो आवाज वाढवण्याचा वाटतो आणि ते तो शेवटपर्यंत फिरवतात. खरे तर रेडिओचा आणि ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी तो असतो. गेन जास्त झाला की लाटेचे माथे कापले जातात आणि त्यातून निर्माण होणारी उंच सुरांची जादा ऊर्जा बिचाऱ्या ट्वीटरला जाळते. साध्या मल्टीमीटरने तो लावता येतो. शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचे वर्गमूळ १४.१. स्पीकर सोडवून, बेस-ट्रेबल मध्यावर ठेवून, रेडिओचा आवाज तीन चतुर्थांशावर आणावा, १००० हर्ट्झचा चाचणी-सूर वाजवावा आणि मीटरवर १४.१ व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवावा. तेथे थांबावे.

ॲम्प्लिफायरमध्ये सुरांच्या गाळण्याही असतात. दारांच्या स्पीकरकडे ८० हर्ट्झखालचे सूर जाऊ दिले नाहीत तर त्यांचे शंकू मोकळे होतात आणि आवाज स्पष्ट येतो. खालचे सूर वुफरकडे पाठवावे. वुफर नकोच असे माझे म्हणणे नाही. इंजिनच्या घरघरीवर खर्ज टिकायचा तर तो हवाच, पण मापात. एकाच केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे जागा ती किती! तेथे जॅक आणि टॉमी आधीच बसलेले. आम्ही आठ इंची, कमी खोलीचा एकच वुफर लहान बंद पेटीत घेतला. लहान केबिनमध्ये खर्ज आपोआप उठावतो, त्यामुळे तो पुरतो. पेटी पट्ट्यांनी घट्ट बांधली, कारण ब्रेक लागला की सुटी पेटी पाठीवर येते. जॅक काढायला पेटी उतरवावी लागू नये, हेही पाहिले. पंक्चर काही दुपारीच होते असे नाही.

किती आवाज पुरे?

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांहून अधिक ऐकू नये. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. वाशीला जाऊन यायचे तर दादाचे किमान आठ तास केबिनमध्येच जातात. म्हणजे आवाज किती वाढवता येतो यापेक्षा किती कमी ठेवता येतो, हाच त्याच्यासाठी खरा प्रश्न. गेलेले कान परत येत नाहीत.

शिवाय घाट आहे. पावसाळ्यात माळशेजला धुके दाटले की समोरची गाडी दिसण्याआधी तिचा हॉर्न ऐकू येतो. तो ऐकू आलाच पाहिजे. म्हणून आम्ही एक साधी कसोटी ठरवली : काच चार बोटे खाली, इंजिन चालू, आणि शेजारी बसलेल्याचे बोलणे आवाज न चढवता ऐकू आले पाहिजे. रेडिओचे बटण त्याच्या पुढे जायचे नाही. मोठ्या आवाजाने झोप पळते असे पुष्कळ चालक मानतात. झोप पळत नाही, ती काही वेळ लपते. तिला उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन झोपणे.

हौद्यात स्पीकर रचून मिरवणुकीपुढे चालणाऱ्या गाड्या हा वेगळा विषय. त्यांना २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. आमचा विषय केबिनमधल्या एका माणसाच्या कानापुरता.

उपसंहार

ज्याला आपल्या पिकअपचा आवाज सुधारायचा आहे त्याने पैसे कोणत्या क्रमाने खर्चावे, हे आता सांगता येईल. प्रथम स्पीकरच्या तारांची दिशा आणि अर्थिंग तपासावे, त्याला खर्च जवळजवळ नाही. मग दाराची भोके आणि पत्रा. नंतर चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे, ट्वीटर असलेले स्पीकर. येथेच थांबले तरी बहुतेकांचे समाधान होईल. पुढे जायचे असेल तर आधी तार आणि फ्यूज, मग प्रामाणिक आकड्याचा लहान ॲम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी वुफर. आम्ही हा क्रम उलटा धरला होता आणि त्याची किंमत मोजली.

दुसऱ्या कामानंतर दादाच्या पहिल्या फेरीला मी सोबत गेलो होतो. बटण पूर्वीच्या निम्म्यावर होते. ओतूर सोडल्यावर त्याने कीर्तन लावले. बराच वेळ तो काही बोलला नाही. घाट उतरून मुरबाडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "हे कीर्तन मी वर्षभर ऐकतोय. बुवा मधे एक गोष्ट सांगतात ती मला आज कळली."

ती गोष्ट वर्षभर तेथेच होती. तिच्यातली व्यंजने तेवढी वाटेत सांडत होती.